होडीच्या दोन पिढ्या : मालवण किनाऱ्यावरील नौकांचा तुलनात्मक विचार

कोणत्याही वाहनाच्या जुन्या व नव्या पिढ्यांची तुलना करावयास घेतली म्हणजे ‘जुने चांगले की नवे चांगले’ हा प्रश्न सर्वप्रथम पुढे येतो. हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी शास्त्रीय विवेचनास तो फारसा उपयोगी पडत नाही. वाहन हे साधन आहे. ते कोणत्या कामासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि किती खर्चात वापरावयाचे, हे ठरल्यावाचून त्याच्या गुणदोषांचा निर्णय करता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः मालवण, तारकर्ली, देवबाग व निवती या भागांत, गेल्या साठसत्तर वर्षांत होडीचे रूप आमूलाग्र पालटले. काथ्याने शिवलेली लाकडी होडी मागे पडली आणि तिच्या जागी यंत्र लावलेली फायबरची होडी आली. या स्थित्यंतराचे यांत्रिक व सामाजिक स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेची रीत : एक परदेशी उदाहरण

एकाच नावाच्या वाहनाच्या दोन पिढ्या कशा तोलाव्यात, हे समजण्यासाठी मोटारींच्या जगातील एक प्रसिद्ध उदाहरण घेणे सोयीचे होईल. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्ट येथील मोटार प्रदर्शनात जर्मनीच्या पोर्श कंपनीने एक नवी स्पोर्ट्स मोटार मांडली. तिचा क्रमांक प्रथम ९०१ असा होता. परंतु मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे तो बदलून ९११ करण्यात आला. हेच नाव व मागील बाजूस यंत्र बसविण्याची हीच रचना कायम ठेवून या मोटारीच्या अनेक पिढ्या पुढे निघाल्या.

पहिल्या पिढीच्या मोटारीचे यंत्र सुमारे दोन लिटरचे होते. त्याची शक्ती १३० अश्वशक्ती, मोटारीचे वजन सुमारे १,०८० किलोग्रॅम व कमाल वेग ताशी २१० किलोमीटर होता. २०१९ साली विक्रीस आलेल्या पिढीतील साध्या प्रकाराची शक्ती ३८५ अश्वशक्ती, वजन सुमारे १,५०० किलोग्रॅम व कमाल वेग ताशी २९३ किलोमीटर आहे. म्हणजे वेग सुमारे १.४ पट वाढला, परंतु त्यासाठी शक्ती जवळजवळ तिप्पट करावी लागली. याचे कारण असे की, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.४ चा घन सुमारे २.७ येतो, तेव्हा वरील आकडे या नियमाशी बरेच जुळतात.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. यंत्र मागे असल्यामुळे जुन्या मोटारीचा भार मागील चाकांवर अधिक पडे आणि वळणावर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची भीती असे. हा दोष कमी करण्यासाठी १९६९ च्या आवृत्तीत पुढील व मागील चाकांतील अंतर ५७ मिलिमीटरांनी वाढविण्यात आले. तिसरी गोष्ट यंत्र थंड ठेवण्याची. प्रारंभापासून हवेने थंड होणारे यंत्र १९९७ साली आलेल्या पिढीत पाण्याने थंड होऊ लागले. जुन्याच्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही. परंतु धूर व आवाज यांविषयीचे कडक नियम पाळून अधिक शक्ती मिळवावयाची तर दुसरा सुलभ मार्ग नव्हता.

या उदाहरणातून तुलनेच्या चार कसोट्या हाती लागतात : शक्ती व वेग यांचे नाते, स्थैर्य, बांधणीचे द्रव्य आणि वापराचा खर्च. याच कसोट्या मालवणच्या होडीस लावून पाहता येतील. मात्र पाचवी एक कसोटी अशी आहे की जी मोटारीस फारशी लागू पडत नाही, परंतु होडीच्या बाबतीत निर्णायक ठरते. तिचा विचार शेवटी केला आहे.

जुनी होडी

या किनाऱ्यावरील जुन्या होडीची बांधणी स्थानिक द्रव्यांनी होत असे. आंबा, फणस, साग अशा लाकडांच्या फळ्या, त्या जोडण्यास नारळाच्या काथ्याची दोरी, फटी बुजविण्यास काथ्या व राळ आणि वरून लेप देण्यास तेल. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या दोरीने शिवण्याची पद्धत अरबी समुद्राच्या काठी फार जुनी आहे. शिवलेल्या होडीचा विशेष असा की ती थोडी लवते. लाटा फुटणाऱ्या उतरत्या वाळूवर ती ओढून काढताना किंवा पुन्हा पाण्यात लोटताना जो धक्का बसतो, तो खिळ्यांनी घट्ट केलेल्या सांध्यापेक्षा शिवलेला सांधा चांगला सोसतो. जेथे धक्का नाही व होडी रोज वाळूवर चढवावी लागते, तेथे हा गुण अत्यंत मोलाचा होता. उलटपक्षी, काथ्या कुजतो. त्यामुळे ठरावीक काळाने सारी शिवण उसवून पुन्हा घालावी लागे.

लहान होडीच्या एका अंगास उलांडी असे. होडीपासून दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकास होडीला समांतर असा हलक्या लाकडाचा ओंडका बांधला म्हणजे उलांडी झाली. तिचे कार्य तरफेच्या नियमावर चालते. समजा, ओंडक्याचे वजन ३० किलोग्रॅम असून तो होडीच्या मध्यरेषेपासून २ मीटर दूर आहे. होडी विरुद्ध बाजूस कलू लागून ओंडका पाण्यावर उचलला गेला की तो ३० गुणिले २, म्हणजे ६० किलोग्रॅम-मीटर इतक्या जोराने तिला परत खेचतो. साठ किलो वजनाचा मनुष्य मध्यरेषेपासून एक मीटर बाहेर झुकला, तरी हा जोर त्यास तोलून धरतो. होडी उलांडीच्याच बाजूस कलू लागली, तर ओंडका पाण्यात दाबला जाऊन त्याची तरण्याची शक्ती तिला सावरते. यामुळे होडीचे अंग अरुंद ठेवता येते. अरुंद अंगास पाण्याचा विरोध कमी, म्हणून वल्ह्यांच्या अल्प शक्तीवरही ती चालते. स्पोर्ट्स मोटारीच्या रचनाकारांनी चाकांतील अंतर वाढवून जे साधले, तेच कोकणच्या सुताराने उलांडीने फार पूर्वीच साधले होते.

शक्तीचा प्रश्न वाऱ्याने सोडविलेला होता. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. पहाटेच्या वाऱ्यावर शीड उभारून बाहेर पडावे आणि दुपारच्या वाऱ्यावर परत यावे, असा दिवसाचा क्रम निसर्गानेच आखून दिला होता. इंधनाचा खर्च शून्य. पण या सोयीची किंमतही होती. वारा पडला की वल्ही मारण्यावाचून गत्यंतर नसे आणि अवचित वादळ उठले तर वेळेवर किनारा गाठणे तांडेलाच्या अनुभवावर व दैवावर अवलंबून राही. जुन्या होडीचे गुणगान करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मोठी होडी मुख्यतः रापणीसाठी असे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे. त्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळाकार फेरी मारीत जाळे सोडते व दुसरा दोर घेऊन काही अंतरावर किनाऱ्यास लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे जाळे ओढतात. या कामी वेगापेक्षा जाळ्याचा भार वाहण्याची क्षमता महत्त्वाची. मासळीचे वाटे पडतात. त्यांत जाळ्याचा, होडीचा व ओढणाऱ्यांचाही वाटा असतो. गाबीत समाजातील कितीतरी कुटुंबांचा निर्वाह या वाट्यांवर झाला आहे.

नवी होडी

स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या यांत्रिकीकरणास शासनाने उत्तेजन दिले. १९५३ साली केरळात सुरू झालेला भारत-नॉर्वे प्रकल्प हा या धोरणाचा प्रसिद्ध प्रारंभ होय. पुढील दशकांत पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र डिझेल यंत्राच्या नौका व ट्रॉलर आले. लहान होड्यांच्या बाबतीत खरी क्रांती घडविली ती दोन वस्तूंनी : होडीच्या मागच्या टोकास बाहेरून अडकविण्याचे यंत्र आणि काचतंतू.

काचतंतूची होडी साच्यात घडते. साच्यावर काचेच्या तंतूंच्या चादरी पसरून त्यांवर राळेसारखे रासायनिक द्रव्य चढविले की थरावर थर जमून एकसंध कवच तयार होते. त्यात सांधे नाहीत, म्हणून शिवण नाही आणि गळतीही नाही. वजन कमी, किडीचा उपद्रव नाही, दरवर्षीच्या डागडुजीचा व्याप थोडा. चांगले लाकूड दुर्मिळ व महाग होत गेले, तसतसा हा गुण अधिकच ठळक झाला. दोष असा की, या होडीची दुरुस्ती करताना जुन्या सुताराचे ज्ञान उपयोगी पडत नाही. आणि निकामी झालेले कवच लाकडाप्रमाणे कुजत नाही वा जळणास येत नाही. ते किनाऱ्यावर तसेच पडून राहते.

आता वेगाचा विचार करू. पाणी कापीत जाणारी नौका स्वतःच एक लाट निर्माण करते. वेग वाढला की ही लाट लांबते आणि तिची लांबी नौकेच्या लांबीइतकी झाली म्हणजे नौकेला जणू आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. ही मर्यादा स्थूलमानाने अशी काढतात : पाण्याच्या पातळीवरील लांबीचे मीटरमधील वर्गमूळ घेऊन त्यास ४.५ ने गुणावे. येईल तो ताशी किलोमीटरमधील वेग. नऊ मीटर लांबीच्या होडीस ही मर्यादा ताशी सुमारे १३.५ किलोमीटर येते. जुन्या होडीच्या वल्ह्यांना ती गाठणे शक्य नव्हते; नव्या होडीचे यंत्र ती सहज गाठते. त्यापुढे जावयाचे तर होडी हलकी व तिचा मागील तळ सपाट असावा लागतो, म्हणजे ती पाणी कापण्याऐवजी पाण्यावर उचलून घसरत चालते. पर्यटकांना फिरविणाऱ्या वेगवान बोटी याच तत्त्वावर धावतात.

मर्यादेच्या आत मात्र मोटारीस लागू पडलेला घनाचा नियम येथेही स्थूलपणे लागू पडतो. दहा अश्वशक्तीचे पेट्रोल यंत्र पूर्ण शक्तीने चालविल्यास ताशी साधारण चार लिटर इंधन खाते. जाण्यायेण्याचे तीन तास धरले तर बारा लिटर झाले. हाच प्रवास वेग एक-पंचमांशाने कमी करून केला, तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, वेळ सव्वापट लागतो आणि एकूण इंधनात सुमारे एक-तृतीयांश बचत होते. तीन तासांऐवजी पावणेचार तास लागले, परंतु चार लिटर वाचले. ज्याच्या हाती नवे यंत्र आहे, त्याने हे गणित ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

स्थैर्याच्या कसोटीवर नव्या होडीचा निर्णय काहीसा संमिश्र आहे. उलांडी गेली, तिचे काम होडीची रुंदी वाढवून साधले. स्थिर पाण्यात रुंद होडी पुरेशी स्थिर असते. परंतु माणसे उभी राहिली, एका बाजूस गोळा झाली किंवा क्षमतेबाहेर चढविली गेली, म्हणजे गुरुत्वमध्य वर सरकतो व होडी परत सावरण्याची शक्ती झपाट्याने घटते. मासेमारीची होडी पर्यटनाकडे वळू लागल्यावर हा प्रश्न विशेष गंभीर झाला आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी एक बोट उलटली व दोघांना प्राण गमवावे लागले. अशा प्रसंगी वेग वा यंत्र कामी येत नाही. माणसांची मोजदाद, प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट आणि हवामानाचा इशारा पाळण्याची शिस्त, एवढ्याच गोष्टी उपयोगी पडतात.

पाचवी कसोटी

येथवरच्या चार कसोट्यांवर पाहिले तर नव्या होडीचे पारडे एकंदरीत जड ठरते. ती वेगवान आहे, टिकाऊ आहे, वाऱ्याची मिंधी नाही आणि वादळाची चाहूल लागताच किनारा गाठण्यास समर्थ आहे. समुद्रावर जाणाऱ्याच्या घरी जी माणसे वाट पाहत बसतात, त्यांच्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वश्रेष्ठ होय. मग या किनाऱ्यावर नव्या नौकांविषयी इतका असंतोष का?

त्याचे उत्तर पाचव्या कसोटीत आहे. स्पोर्ट्स मोटार कितीही वेगवान झाली, तरी तिच्या वेगाने दुसऱ्याच्या मोटारीचा वेग घटत नाही. समुद्रातील मासळी मात्र सर्वांची मिळून एकच आहे. एकाच्या नौकेची क्षमता वाढली, तर दुसऱ्याच्या वाट्यास येणारी मासळी कमी होऊ शकते. बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्यास लागतील तेव्हाच रापणीस मासळी मिळते. पर्ससीन जाळे या थव्यांना बाहेर खोल पाण्यातच भिंतीसारखे वेढते आणि खालच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढून बटव्याचे तोंड आवळावे तसे तळ बंद करते. थवा बाहेरच उचलला गेला, तर किनाऱ्यावरील रापणकराच्या जाळ्यात येणार काय? प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीने ही विषमता आणखी वाढविली.

खर्चाचे गणितही याच दिशेने ढकलते. शिडाच्या होडीस इंधन लागत नसल्यामुळे थोडी मासळी मिळाली तरी फेरी तोट्यात जात नसे. यंत्राच्या होडीस आधी इंधनाचे पैसे, मग यंत्राच्या कर्जाचा हप्ता आणि त्यानंतर खलाशांचा वाटा द्यावा लागतो. म्हणजे प्रत्येक फेरीस मासळीचे एक किमान प्रमाण ठरून गेले. ते भरले नाही तर अधिक दूर, अधिक वेळ, अधिक मोठे जाळे घेऊन जाणे भाग पडते. सर्वांनीच तसे केले की प्रत्येकाचा खर्च वाढतो, परंतु समुद्र मात्र तेवढाच राहतो. यात कोणा एकाची लबाडी आहे असे नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता योग्यच असतो. दोष आहे तो एकूण रचनेत.

हा संघर्ष केवळ मालवणचा नाही. शेजारच्या गोव्यात १९७० नंतरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. केंद्र शासनाने राज्यांसाठी एक आदर्श विधेयक तयार केले. १९८० मध्ये गोवा व केरळ येथे आणि १९८१ मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले. या कायद्यांमागील मूळ कल्पना पाण्याची वाटणी करण्याची आहे. किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखावा व यांत्रिक ट्रॉलरांनी त्याबाहेर मासेमारी करावी. महाराष्ट्रात ही सीमा ठिकठिकाणी पाच ते दहा वाव खोलीच्या मापाने आखली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर काळ व क्षेत्र यांचे निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली आणि २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढविण्यात आले. पावसाळ्यात मासळीच्या प्रजननकाळी यांत्रिक नौकांना जी बंदी असते, तिच्यातून बिनयंत्राच्या पारंपरिक होड्या वगळल्या जातात. जुन्या व नव्या पिढीतील भेद कायद्यानेही मान्य केला आहे, असाच याचा अर्थ होय.

कायदा झाला तरी समुद्रावर रेषा आखता येत नाही. गस्त पुरेशी नसेल तर नियम कागदावरच राहतो. तथापि नियमनाचे तत्त्व योग्य आहे. रस्त्यावर मोटारींची शक्ती वाढली तेव्हा वेगाची मर्यादा व धुराचे नियम आले. त्यांनी मोटार नष्ट केली नाही, उलट तिला सुधारण्यास भाग पाडले. समुद्रावरही हेच घडणे शक्य आहे.

निष्कर्ष

मालवणच्या किनाऱ्यावर पुन्हा शिडाची होडी आणावी, असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल; ज्यांनी तिच्यावर वादळे सोसली, त्यांचीही तशी इच्छा असण्याचे कारण नाही. प्रश्न होडी जुनी की नवी हा नसून, नव्या होडीची क्षमता सर्वांच्या वाट्यास हानी न पोचविता कशी वापरावी हा आहे. रापणीसाठीही आज यंत्राची होडी वापरता येते. फायबरच्या होडीतूनही आटोपशीर जाळ्याने संयमित मासेमारी करता येते. द्रव्य व यंत्र बदलले म्हणून वाट्याची रीत बदललीच पाहिजे असे नाही.

यासोबत एक काम तातडीने होणे आवश्यक आहे. शिवलेल्या होडीची बांधणी जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. फळ्यांची मापे, शिवणीचे प्रकार, उलांडीचे अंतर, प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, हे सारे ज्ञान लेखी स्वरूपात क्वचितच आढळते. ते सुताराच्या हातात व तांडेलाच्या बोलण्यात राहते. स्पोर्ट्स मोटारीच्या प्रत्येक पिढीचे नकाशे तिच्या कारखान्यात जपलेले असतात. होडीचा कारखाना म्हणजे माडाखालची मोकळी जागा होती. तेथील जाणत्या माणसांकडून ही मापे व नावे वेळीच नोंदवून घेतली, तर पुढील पिढीस निदान आपली होडी कोठून निघाली हे सांगता येईल.